टाळ्यांचा नियम

आमच्या घरात बोलणे कमी आणि आवाज पुष्कळ. वडील बडोदे सरकारच्या पदरी गवई होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. नागरवाड्यात सरकारने दिलेल्या घरात बाहेरची एक खोली, आत स्वयंपाकघर आणि मागे न्हाणी एवढीच जागा होती. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून तंबोऱ्यांची जोडी, खाली घोंगडी आणि वर कोनाड्यात सरस्वतीची तसबीर. स्वयंपाकघराच्या मधल्या दाराला कडी होती, पण ती लावलेली मला आठवत नाही. पहाटे अण्णा खर्ज लावत. तो स्वर इतका खाली असे की कानाला कळण्याआधी पाठीखालच्या फरशीला कळे. त्या स्वरावर आम्ही भावंडे जागी होत असू, आई चूल पेटवत असे आणि शेजारच्या मणिबेन दूधवाल्याला हळू बोलायला सांगत. मणिबेनना गाण्यातले काही कळत नव्हते. पण देवळात जसे हळू बोलतात तसे गाणे चालू असताना हळू बोलावे, एवढे त्यांनी स्वतःच ठरवले होते.

घरातला स्वयंपाक अण्णांच्या गळ्यावर बेतलेला होता. आई कोकणातली. आमसूल आणि चिंच यांशिवाय तिच्या माहेरी ताट वाढले जात नसे. लग्न होऊन बडोद्याला आल्यावर तिने आंबट सोडले, आणि ते गेल्यावर उरलेल्या जागेत गूळ आला. मणिबेनच्या देखरेखीखाली आमचे वरण हळूहळू गुजराती दाळीसारखे गोड होत गेले. संध्याकाळी गरम तुपात मिऱ्यांची पूड, झोपताना ज्येष्ठमध. ताक आम्ही मुले शेजारी जाऊन पीत असू. मणिबेनच्या घरचे खमण लिंबाच्या वासासकट ओसरीवर आले की अण्णा हात जोडून म्हणत, "बेन, आधी माझं पेन्शन होऊ दे." हा विनोद वर्षातून अनेकदा होई आणि मणिबेन प्रत्येक वेळी हसत.

बाहेरच्या खोलीत पुरुष मंडळी बसली असताना आई तिथे येत नसे. ती चुलीशी बसून ऐके. तिला कोणी गाणे शिकवले नव्हते. पण अण्णांनी एखादी जागा घेतली की आतून "हं" असा आवाज येई. तो कधी आखूड असे, कधी लांब, कधी नुसता श्वास. तो आला की अण्णा पुढे जात. नाही आला तर तीच जागा निराळ्या वाटेने पुन्हा घेत. आम्हाला त्यात विशेष काही वाटत नसे. पुढे मी बाहेरची मोठमोठी गाणी ऐकली तेव्हा माझ्या ध्यानात आले की आमच्या घरी कौतुक हा गाण्यानंतरचा भाग नव्हताच. गवई एक वाक्य म्हणतो, ऐकणारा त्याला उत्तर देतो आणि पुढचे वाक्य त्या उत्तरातून निघते. उत्तर देणाऱ्याला आम्ही दर्दी म्हणत असू, आणि उत्तराला दाद.

दाद देण्यात पहिला नंबर नूरमियाँचा. ते अण्णांच्या साथीला सारंगी वाजवत. आम्ही त्यांना मियाँकाका म्हणायचो. साथ करताना त्यांचा हात एक काम करी आणि तोंड दुसरे. "हाय हाय", "जीते रहो बुवा", आणि एखादी तान फारच सफाईने उतरली तर सारंगीवरचा गज थांबवून, "भाभी, सुना? अब इसके बाद खाना क्या खाना!" यावर आई आतून म्हणे, "मग मियाँकाकांचं पान वाढू नको ना?" आणि मियाँकाका म्हणत, "नाही नाही, ते आपलं बोलायचं असतं."

टाळ्यांची आमच्या घरी मोजकीच कामे होती. आरती असली की टाळ्या वाजत. वाळत घातलेल्या पापडांवर पोपट उतरले की वाजत. तिसरे काम गाण्याशी संबंधित होते, पण ते दुसऱ्यांच्या घरी व्हावे अशी इच्छा असे. तरुणपणी अण्णा एका नाटक मंडळीबरोबर हिंडले होते. एखाद्या नटाचे गाणे फसले आणि तो जागचा हलेना, तर पिटातले लोक टाळ्या पिटून त्याला आत घालवत. तो किस्सा सांगताना अण्णा स्वतः टाळ्या पिटून दाखवत आणि मग हात झटकत, विंचू झटकावा तसे.

माझी इंग्रजीची दुसरी इयत्ता चालू असताना गायन-वादनाच्या खात्यावर नवे साहेब आले. ते मराठीच होते, विलायतेत शिकलेले, शिस्तीचे आणि माझ्या माहितीप्रमाणे सज्जन. महाराज त्या दिवसांत विलायतेत होते. खात्यातली माणसे फार झाली आहेत, त्यांतल्या काहींना काम नाही आणि काहींना येत नाही, असे नव्या साहेबांचे मत झाले, आणि ते सगळे चुकीचे नव्हते. त्यांनी प्रत्येक कलावंताची जाहीर हजेरी ठरवली. नव्या सभागृहात निमंत्रित मंडळींपुढे प्रत्येकाने ठरलेला वेळ गायचे किंवा वाजवायचे. जो पसंत पडेल तो राहील. जो पडणार नाही त्याला थोडके पेन्शन, आणि राहते घर सोडायचे. आम्हाला घर सोडून जाण्यासारखी जागा नव्हती. आईचा एक भाऊ रत्नागिरीकडे होता, आणि त्याच्या घरी त्याचीच मुले अर्धपोटी होती. हे आईने त्या काळात एकदाच बोलून दाखवले, पीठ चाळता चाळता. त्यानंतर बोलायची गरज पडली नाही.

हजेरीचे नियम छापून आले. मराठी आणि गुजराती प्रती मागाहून यायच्या होत्या. आमच्या घरी आली ती इंग्रजी. अण्णांनी ती माझ्यापुढे धरली. "वाच. तुझ्या फीचं काहीतरी होऊ दे." वेळ, पोशाख, बसण्याची जागा वगैरे मी सांगितले. एका नियमात एक क्रियापद होते ते मला अडले. ते क्रियापद अप्लॉड.

दुसऱ्या दिवशी मी ते धनबाईंना विचारले. धनबाई आमच्या इंग्रजीच्या शिक्षिका, पारशी, मुंबईत शिकलेल्या. त्यांना शब्दाचा नुसता अर्थ सांगणे पसंत नव्हते. अर्थ म्हणजे दुकान, वापर म्हणजे माल, असे त्या म्हणत. त्यांनी सगळ्या वर्गालाच तो शब्द दिला. "अप्लॉड एटले ताळी पाडवी. टाळ्या वाजवून तारीफ करवी. समजलां?" मग त्यांनी वाक्ये घातली. लोकांनी राजाला अप्लॉड केले. सभेने भाषणाला अप्लॉड केले. दुसरा अर्थ असा की हात न हलवताही अप्लॉड करता येते, म्हणजे नुसती पसंती सांगायची. पण सभागृहात तो अर्थ घ्यायचा नाही, तिथे हात पाहिजेत. "आणि केव्हा?" त्यांनी विचारले. उत्तर त्यांनीच दिले. "पूरुं थाय त्यारे. संपल्यावर. माणूस बोलतो आहे आणि तुम्ही मध्ये ताळी पाडली, तो जंगली!" मग त्यांनी आम्हाला उभे करून सराव करवला. पाय आपटायचे नाहीत, हसायचे नाही, सगळ्यांनी बरोबर थांबायचे. मागच्या बाकावरच्या एका मुलीने टाळ्यांबरोबर गणपतीची आरती सुरू केली आणि निम्मा वर्ग तिच्या मागे गेला. "छोकरीओ, हसवानुं बंद करो," असे धनबाई ओरडल्या, पण त्याही हसत होत्या.

घरी येऊन मी अण्णांना नियम सांगितला. गाणे चालू असताना श्रोत्यांनी तोंडाने, हाताने किंवा मानेने कसलीही तारीफ करू नये. संपल्यावर टाळ्या वाजवाव्यात. मी सांगितलेला अर्थ बरोबर होता. पुढे मराठी प्रत आली तीही हेच सांगत होती.

"म्हणजे मी गाताना त्यांनी काय करायचं?" अण्णांनी विचारले.

"गप्प बसायचं."

"आणि संपल्यावर टाळ्या?"

"हो."

"साहेबांना सांग, मला मध्ये उठवायचं नसलं तर टाळ्या कशाला? मी आपणहून उठेन." मियाँकाका हसले. अण्णा हसले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारले, "कुसुम, सगळेच गप्प बसणार? जाणकारसुद्धा?"

"सगळ्यांना एकच नियम आहे, अण्णा."

अण्णा नियम पाळणारे होते. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे घडले त्याला लोकांनी अहंकार म्हटले. त्यांनी गप्प श्रोत्यांपुढे गायचा सराव करायचे ठरवले, आणि आमच्या घराचे सभागृह झाले. आई पहिल्यांदाच बाहेरच्या खोलीत येऊन बसली, भिंतीकडे तोंड करून. मी आणि धाकटा भाऊ सतरंजीवर. मियाँकाकांनी तोंडात विड्याचा मोठा तोबरा भरला, म्हणजे जीभ हलायची नाही. पहिल्या दिवशी त्याचा उपयोग झाला नाही. अण्णांनी एक लांब, घसरती मींड घेतली आणि मियाँकाकांच्या तोंडातून विड्यासकट काहीतरी बाहेर आले.

"मियाँ!" अण्णा ओरडले.

"मैं कुछ नहीं बोला बुवा. पान बोला."

दुसऱ्या दिवशी विडा आला नाही. मियाँकाकांनी ओठ आवळून वाजवले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते. ते गाण्याने आले की ओठ आवळल्याने, हे मला तेव्हा कळले नाही आणि आजही सांगता येणार नाही. आई पदर तोंडाशी धरून बसली. अण्णांनी एक जागा घेतली, थांबले, पुन्हा घेतली. मग तिसऱ्या वाटेने घेतली. विलंबित लांबत गेले. आई भिंतीकडे बघूनच म्हणाली, "पुढं चला."

"पोचलं का?"

"पोचलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलायचं नाही ना! तुम्हीच सांगितलंत."

"आत्ता बोललीसच की."

"हे गाण्याबद्दल नाही बोलले. वेळेबद्दल बोलले. वेळ संपत आलाय, अजून तुमचं पहिलं पाऊल पडायचंय." मग ती उठली, त्यांच्याकडे वळली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "हे बघा, तुम्हाला चार माणसांनी मान हलवायला हवी, मला कळतं. पण एक दिवस ती हलली नाही तर काय होतं? गा, आणि उठा. घर राहू दे."

"होय," अण्णा म्हणाले. त्या रात्री त्यांनी तूपमिरे घेतले नाहीत.

हजेरीच्या दिवशी मी आणि आई बायकांच्या सज्जात चिकाच्या पडद्यामागे बसलो होतो. खाली खुर्च्या मांडलेल्या. आमच्या ओळखीचे दर्दी लोक घोंगडीवर मांडी घालून ऐकणारे. ते त्या दिवशी मागच्या रांगांत पाय लोंबकळत ठेवून बसले होते, घरची माणसे दुसऱ्याच्या लग्नात बसतात तशी. पुढे कामदार, म्हणजे सरकारी अंमलदार मंडळी, छावणीतले काही गोरे साहेब आणि मडमा, कॉलेजातले मास्तर. एका बाजूला स्टुलावर घंटा, तिच्याजवळ पट्टेवाला. आधी एक बीनकार झाले. त्यांचे वाजवणे संपले, टाळ्या वाजल्या, घंटा झाली, ते उठले. सगळे नीट चालले होते. नियमात वाईट काही दिसत नव्हते. आधीच्या मैफलींत पुढच्या रांगेतले लोक घोरत, भाव विचारत, पिंका टाकत, हेही खरे होते.

अण्णांनी मारवा घेतला. ज्यांना गाण्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी एवढे सांगणे जरूर आहे की या रागात गवई षड्ज, म्हणजे ज्या स्वरावर गाणे घरी येते तो स्वर, बराच वेळ टाळतो. ऋषभ आणि धैवतावर हिंडत राहतो. ऐकणाऱ्याला बेचैन करायचे, त्याला घराची आठवण होऊ द्यायची, आणि मग एकदा षड्जावर यायचे. मैफलीत त्या क्षणी माणसे ओरडतात. मग मांडणी झाली असे समजून गवई खऱ्या गाण्याला लागतो.

सभागृह गप्प होते. अण्णा एकेक जागा घेत आणि समोर बघत. समोरून काही येत नव्हते. ते मियाँकाकांकडे बघत, मियाँकाका सारंगीकडे बघत. मला वाटले ते आता पुन्हा पुन्हा त्याच जागा घेत बसतील. पण त्यांनी तसे केले नाही. त्यांनी डोळे मिटले आणि ते एकटेच पुढे गेले. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्यांचे इतके चांगले गाणे ऐकले नाही. आईने माझे मनगट धरले होते. सगळ्यांना बराच वेळ बाहेर ठेवून अण्णा षड्जावर आले आणि तिथे थांबले.

पुढच्या रांगेत कोणीतरी टाळी वाजवली. त्याला वाटले गाणे संपले. कानाला ते संपल्यासारखेच वाटते, म्हणून तर तिथे लोक ओरडतात. एकाने वाजवल्यावर शेजाऱ्याने वाजवली, आणि मग सगळ्या सभागृहाने वाजवली. मागच्या रांगांतले दर्दी एकमेकांकडे बघू लागले. त्यांतल्या काहींनीही वाजवली, कारण न वाजवणे हा अपमान झाला असता. पट्टेवाल्याने साहेबांकडे पाहिले, साहेबांनी मान हलवली, घंटा झाली. जलतरंगवाले आपली भांडी घेऊन पायऱ्या चढू लागले.

अण्णा उठले नाहीत. टाळ्या थांबेपर्यंत ते खाली बघत राहिले. मग त्यांनी तबलजीला हाताने जलद लय दाखवली आणि द्रुत सुरू केले. लोक गोंधळले. घंटा पुन्हा झाली. साहेब उभे राहिले, त्यांनी हात वर केला, तो रागाने नव्हे तर वाहन थांबवताना करतात तसा. अण्णा गात राहिले. दोन्ही बाजूंनी पडदा आला आणि मिटला. पडदा मिटल्यावर रीतीप्रमाणे पुन्हा टाळ्या वाजल्या, आधीपेक्षा जोरात. त्या टाळ्यांच्या पलीकडे गाणे चालूच होते. टाळ्या ओसरल्यावर ते सगळ्यांना ऐकू येऊ लागले. तबला थांबला होता, सारंगी थांबली नव्हती. अण्णांनी ते आवर्तन पुरे केले आणि समेवर येऊन ठेवले. मध्ये सोडले नाही.

खाली कोणी हलले नाही. सज्जात माझ्या शेजारी आई "हं" म्हणाली. चांगला लांब. पुढे बसलेल्या एका बाईंनी वळून चिकाच्या उजेडात कोण बोलले ते पाहिले.

साहेबांनी अण्णांना बोलावले. तिथे काय झाले ते आईला मियाँकाकांनी सांगितले, कारण अण्णा घरी येऊन बोलत नव्हते. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "गवईबुवा, त्या दिवशी सगळ्यांत जास्त टाळ्या तुम्हाला पडल्या. मग राग कशाचा?"

"राग नाही साहेब. अजून सुरुवात व्हायची होती."

"सुरुवातच एवढी आवडली लोकांना. हे चांगलंच झालं की."

"त्यांना संपलं असं वाटलं."

"बरं, वाटलं. तुमच्यासारख्यांची कदर व्हावी म्हणूनच हे सगळं चाललंय. लोकांनी कदर केली, तुम्ही त्यांच्या तोंडावर गात बसलात. छावणीतले पाहुणे होते. मला काय तोंड राहिलं?" मग त्यांनी तोड सांगितली. अण्णांनी चार कलावंतांसमोर दिलगिरी सांगायची, आणि पुढच्या आठवड्यात त्याच सभागृहात पुन्हा गायचे, घंटेच्या आत. तसे केले तर नुसती नोकरीच नव्हे, वरचा वर्गही द्यायचा त्यांचा विचार होता. नाही केले तर त्यांचा नाइलाज होता. महिनाअखेर घर रिकामे करावे लागले असते.

"बुवा काय म्हणाले?" आईने विचारले.

"बुवा चाय पिऊन आले," मियाँकाका म्हणाले.

संध्याकाळी आईने अण्णांना जेवायला वाढले. खिचडी होती, तूप होते. अण्णांनी ताटाला हात लावला नाही. आई समोर बसली. तिचे बोलणे मी मधल्या दारातून ऐकले. "मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही. साडी नाही, माहेर नाही. त्या दिवशी तुम्ही गायलात ते मी ऐकलंय. ते कोणी काढून घेणार नाही. पण मुलांना घेऊन मी कुठं जाऊ, हे मला सांगा. सांगितलंत तर मी उद्या बांधाबांध करते." अण्णांनी खिचडीत तूप कालवले.

दिलगिरी झाली. पुढच्या आठवड्यात ते गायले. षड्जावर आले, तिथेच थांबले, नमस्कार केला आणि उठले. टाळ्या पडल्या. वरचा वर्ग मिळाला. खात्याच्या अहवालात इंग्रजीत त्यांच्या नावापुढे तेच क्रियापद आले, आणि मी ते त्यांना वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं."

पुढे माझी बरीच वर्षे वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली. तारेने आलेल्या इंग्रजी बातम्यांचे मराठी करणे हे माझे काम. त्यात हे क्रियापद रोज भेटे. कोणी निर्णयाला अप्लॉड करी, कोणी सैन्याला, कोणी मरण पावलेल्या पुढाऱ्याच्या त्यागाला. मी "टाळ्यांच्या कडकडाटात" लिहीत असे, नाहीतर "प्रशंसा केली", जागा किती आहे ते बघून. शब्दात दोष नाही. विलायतेत ज्या रीतीचे गाणे गप्प ऐकतात ते गप्प ऐकण्यासाठीच रचलेले असते, हे मी पुढे वाचले आणि एकदा मुंबईत ऐकलेही. तिथे शेवटी टाळ्या वाजवताना मला आनंद झाला. धनबाईंनी अर्थ बरोबर सांगितला होता, वापरही बरोबर सांगितला होता. साहेबांचा हेतूही चांगला होता. या प्रकरणात दोषी माणूस शोधण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला, कारण तो सापडला तर लिहिणे सोपे जाते.

त्यानंतर अण्णा ठरलेल्या दिवशी सभागृहात जात, ठरलेला वेळ गात. घंटा कधी वाजवावी लागली नाही. घरी पहाटेचा खर्ज चालू राहिला, पण दिवसाची मेहनत कमी होत गेली. मियाँकाका पहिल्यासारखे येत. तोंडाने मात्र ते घरीही गप्प झाले. अण्णांनी सांगितले होते की इथे सवय राहिली तर तिथे चूक होते. एक दिवस ते सारंगी गवसणीत घालताना म्हणाले, "बुवा, मी आता बाजव्याला मुलाकडे जातो. त्याला स्टेशनात नोकरी आहे."

"आणि साथ?"

"साथ कोणीही करेल. नियम सोपा आहे." मग आत बघून, "भाभी, आवजो." आईने त्यांना डब्यात लाडू दिले. ते पुन्हा आले नाहीत. वर्षा-दोन वर्षांत ते वारल्याचे कळले.

आईचा "हं" काही दिवस टिकला. मग एकदा, मला वाटते पावसाळ्यात, अण्णा गाता गाता थांबले आणि आतल्या बाजूला न बघता म्हणाले, "मध्ये बोलू नकोस. लय जाते." त्यात चिडणे नव्हते. नव्या शिष्याला सांगावे तसे त्यांनी सांगितले. आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

मी कॉलेजात असताना मिरजेहून बाळाभाऊ आले. ते अण्णांचे गुरुबंधू. तरुणपणी दोघे एकाच गुरूच्या घरी पाणी भरत, लाकडे फोडत शिकलेले. नंतर बाळाभाऊंनी गाणे सोडून किराणा दुकान घातले होते. जाडजूड, मोठ्या आवाजाचे, घरात शिरताच त्यांनी घर भरून टाकले. "वहिनी, तुमचं वरण म्हणजे काय, बासुंदीत हळद घातलीय!" आई खूप दिवसांनी मोठ्याने हसली. दुपारची जेवणे झाल्यावर ते घोंगडीवर आडवे न होता मांडी घालून बसले आणि म्हणाले, "पोटभर जेवलो. आता कान उपाशी आहेत. गा."

"आता काय गायचं," अण्णा म्हणाले.

"अरे, मी काय तिकीट काढू? गा म्हणतो ना."

मी तंबोरा घेतला. दुपार उतरणीला लागली होती म्हणून अण्णांनी मुलतानी घेतला. आवाज थकला होता, पण स्वर जिथल्या तिथे लागत होते. बाळाभाऊ डोळे मिटून डुलत होते. आई मधल्या दाराशी येऊन उभी राहिली होती. अण्णांनी कोमल गंधाराला हळूच हात लावला आणि खाली उतरले. ती त्यांच्या गुरूची जागा असावी. बाळाभाऊंनी मांडीवर थाप मारली आणि ते ओरडले, "वाहवा! जियो! अगदी आपले गुरुबुवाच आले रे समोर!"

अण्णा थांबले. तंबोरा माझ्या हातात वाजत होता. त्यांनी बाळाभाऊंकडे पाहिले आणि अदबीने विचारले, "काही चुकलं का?"

बाळाभाऊंनी माझ्याकडे पाहिले, मग दाराकडे. आई तिथे नव्हती. "नाही रे," ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "काही नाही चुकलं. गा तू."

अण्णा पुढे गायले. बाळाभाऊ हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत तसेच बसून राहिले. त्यांनी मानही हलवली नाही. गाणे संपले. अण्णांनी मान वर केली आणि वाट पाहिली. बाळाभाऊंना आता काय करायचे ते कळेना. ते जमिनीकडे बघत होते. मी तंबोरा भिंतीला टेकवला आणि टाळ्या वाजवल्या. अण्णांनी मान लववली, नमस्कार केला आणि उठले.